द. र. माणगावे हजर आहेत

“येणार नाहीत म्हणजे काय?” भालबा तेरदाळकरांनी पोस्टकार्ड उलटं केलं, पत्त्याच्या बाजूला आणखी काही लिहिलंय का ते पाहिलं आणि परत सुलटं केलं. “प्रकाशन शनिवारी. आज मंगळवार. आणि हा गृहस्थ कळवतो, ‘सांधे धरल्यामुळे प्रवास शक्य नाही.’ मिरजेहून सांगलीला येणं याला प्रवास म्हणतात? म्हैसाळकरबाई, तुम्हीच सांगा.”

मी समोरच्या टेबलावर बसून ‘गुडघेदुखी आणि आपण’ या पुस्तकाची जाहिरात तपासत होते. मान वर न करता म्हणाले, “सांधे धरले असले तर अंगणात जाणंसुद्धा प्रवासच असतो, भालबा. डॉक्टरांनी सातव्या पानावर दिलंय.”

“तुम्ही त्याची बाजू घेऊ नका.”

बाजू घेणं भागच होतं. ते पोस्टकार्ड मीच सांगून लिहवून घेतलं होतं. सांधेसुद्धा त्या सातव्या पानावरूनच उचललेले. द. र. माणगावे नावाचा माणूस मिरजेत नव्हता, सांगलीत नव्हता, कुठेच नव्हता. ‘तिसऱ्या वॉर्डातला खून’ ही दोनशे पानांची रहस्यकथा मी लिहिली होती, आणि ते जगात फक्त दोघींना माहीत होतं. मला आणि माझ्या सरूमावशीला.

ही त्र्याऐंशी सालातली गोष्ट. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि चार वर्षं ‘तेरदाळकर आणि मंडळी, प्रकाशक’ यांच्याकडे मुद्रितं तपासायला होते. ‘मंडळी’ म्हणजे मी, एक टेबलफॅन आणि पुस्तकांचे गठ्ठे. भालबा माणूस मनानं चांगला, पण पुस्तकांबद्दल फार बोलायचा आणि लिहिणाऱ्यांबद्दल फार कमी विचार करायचा. दुसऱ्या वर्षी मी धीर करून त्यांना माझी एक कथा वाचायला दिली होती. तीन आठवड्यांनी त्यांनी ती परत दिली आणि म्हणाले, “अक्षर सुरेख आहे.” पुढे काही बोलतील म्हणून मी थांबले होते. त्यांनी टेबलफॅनचं तोंड आपल्याकडे वळवून घेतलं.

म्हणून रहस्यकथा लिहिली तेव्हा माणगाव्यांना जन्माला घातलं. मावशी मिरजेत एका दवाखान्यात नर्स होती. एकटी राहायची, दोन खोल्यांत. माझं अक्षर भालबांनी ओळखलं असतं म्हणून ड्यूटी संपल्यावर बसून तिनं सगळं हस्तलिखित तिच्या अक्षरात उतरवलं, स्वतःच्या पत्त्यावरून पाठवलं. आठ दिवसांनी भालबांनी ते बाड माझ्या टेबलावर ठेवलं. “बाई, वाचून अहवाल द्या.”

स्वतःच्या कादंबरीवर अहवाल लिहायची वेळ कुणावर येऊ नये. फार स्तुती करावी तर संशय, आणि नावं ठेवावीत तर पुस्तक परत. शेवटी लिहिलं, ‘कथानक पकड घेते. भाषा ठिकठिकाणी कच्ची आहे.’ भालबा म्हणाले, कच्ची भाषा पक्की करायला लेखकाला कळवा. मी माणगाव्यांना खरमरीत पत्र लिहिलं. माणगाव्यांनी नम्र उत्तर पाठवलं. मग मी सुधारणा केल्या, मावशीनं उतरवल्या आणि भालबा म्हणाले, “बघा, दटावल्यावर कसा सुधारला.”

त्या वर्षी भालबांच्या डोक्यात एक कल्पना आली होती. सहा पुस्तकं, सहा प्रकारची, एकाच दिवशी, एकाच हॉलमध्ये. “ताटात कसं डावं-उजवं लागतं,” ते सगळ्यांना सांगत सुटले होते. “कवितासंग्रह म्हणजे मीठ-लिंबू. लोणच्यांचं पुस्तक म्हणजे लोणचंच. निवृत्त इंजिनिअरांचं आत्मचरित्र म्हणजे भात, पोट भरणार. मुलांसाठी बेडकांची गाणी म्हणजे गोड. गुडघेदुखी म्हणजे शेवटचं ताक. आणि माणगाव्यांची रहस्यकथा म्हणजे गरमागरम भजी. बाकी सगळं लोक ताटात टाकतील, पण भजी टाकणारा माणूस मी अजून पाहिला नाही.”

प्रमुख पाहुणे म्हणून निवृत्त डीवायएसपी हणमंतराव घाटगे यांनी होकार दिला होता तो फक्त या भज्यांसाठी. त्यांना छापील फर्मे, म्हणजे अजून न बांधलेली पानं, आधीच वाचायला पाठवले होते. त्यांनी कळवलं, ‘तीस वर्षं खुनांचे तपास केले. लेखकाला भेटायची इच्छा आहे. ते येणार असतील तरच मी येतो.’ भालबांनी लगेच निमंत्रणपत्रिका छापल्या. खाली ठळक ओळ होती, ‘सहाही लेखक उपस्थित राहतील.’

आणि आता हे पोस्टकार्ड.

भालबा खुर्चीत मागे रेलले, त्यांचा चेहरा इतका उतरला की मला राहवेना. खरं सांगून टाकावं असं मनात आलं. मी पेन खाली ठेवलं. “भालबा, एक सांगू का?”

“थांबा. आधी माझं ऐका. बाई, मी सगळं सहन करतो. उशीर सहन करतो, रुसवे सहन करतो. पण मला कुणी फसवलेलं मी जन्मात विसरत नाही. हा माणगावे मला फसवतोय असं माझं मन सांगतंय. हं, तुम्ही काय म्हणत होता?”

“जाहिरातीत ‘गुडघे’चा घ पुसट उठलाय,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भालबा आले ते उजळलेल्या तोंडानं, आणि त्यांच्या मागून त्यांचे मेव्हणे, वामनराव हळबे. वामनराव पाण्याचे पंप विकायचे आणि हौशी नाटकांत कामं करायचे. उंच, देखणे, आवाज असा की नुसतं ‘नमस्कार’ म्हणाले तरी कपाटाच्या काचा हलायच्या.

“बाई,” भालबा म्हणाले, “हे आपले द. र. माणगावे.”

“कोण?” मी विचारलं.

“शनिवारपुरते. सांगलीत माणगाव्यांना कुणी पाहिलेलं नाही. वामनराव फारसे सांगलीत नसतात. दोन तास बसायचं, हार घ्यायचा, चार वाक्यं बोलायची. कादंबरी तुम्ही तीनदा वाचलीय. तुम्ही यांची तयारी करून घ्या.”

“पण हे खोटं आहे, भालबा.”

“खोटं कसलं? नाटकात राजा उभा राहतो, त्याला कुणी खोटं म्हणतं का?”

मला यावर उत्तर होतं, पण खोटेपणावर बोलायची सोय मलाच राहिली नव्हती.

अशा रीतीनं बुधवारी आणि गुरुवारी दुपारी मी माझ्याच कादंबरीचा लेखक तयार केला. वामनराव मन लावून शिकत होते, हीच पंचाईत. लेखक खुर्चीत कसा बसतो? चष्मा काढून बोलतो की घालून? सांधे धरलेत ना, मग काठी हवी. कुठला पाय? मी म्हटलं, कुठलाही. त्यांनी डावा घेतला आणि खोलीभर लंगडून दाखवलं.

कादंबरीची गोष्ट अशी. दवाखान्यात एक श्रीमंत म्हातारा पेशंट विषानं मरतो. औषधांच्या कपाटाची किल्ली नर्सकडे असते, म्हणून सगळे तिच्यावर संशय घेतात. मी वामनरावांना पहिल्या प्रकरणापासून सांगायला लागले, तर त्यांनी हात वर केला.

“नको. सांगू नका. मला पुस्तकच द्या. वाचतो.”

गुरुवारी आले तेव्हा ते सत्तर पानांपर्यंत पोचले होते आणि झोप उडाल्यासारखे दिसत होते. “काय लिहिलंय हो या माणसानं! तो खोकल्याचा आवाज, आणि एकदम दिवे जातात! मी बायकोला हाक मारली.”

मी खाली बघून म्हणाले, “भाषा जरा कच्ची आहे.”

“गेली खड्ड्यात भाषा. खुनी कोण ते कळलंय मला. ती नर्स. चाळिसाव्या पानावरच ओळखलं.”

“शेवट सांगते, म्हणजे तुम्हाला बोलताना...”

“अजिबात नाही!” त्यांनी खरोखर कानांवर हात ठेवले. “शनिवारच्या आत वाचून काढतो. माझा आनंद घालवू नका.”

मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं, की मी हट्ट केला नाही. माझ्यासमोर कुणीतरी माझ्या पुस्तकासाठी कान झाकून बसलं होतं. तिथंच मी चुकले.

शनिवारी चार वाजता शाळेच्या सभागृहात दीडशे माणसं. व्यासपीठावर सहा लेखक, घाटगेसाहेब आणि भालबा. टेबलावर पुस्तकांचे सहा ढीग. लोणचीवाल्या बाईंनी आपल्या ढिगासमोर आंब्याच्या लोणच्याची खरी बरणी ठेवली होती, त्यामुळे कवींनी आपला ढीग दोन इंच लांब सरकवला. मी बाजूच्या दाराशी उभी, कुणाला काही लागलं तर द्यायला. तिसऱ्या रांगेत पंख्याखाली सरूमावशी. दवाखान्यातून परस्पर आली होती, पांढऱ्या साडीत. आजवर मी तिला असल्या कार्यक्रमाला कधी पाहिलं नव्हतं. वामनरावांबद्दल तिला मी दारातच घाईघाईनं सांगितलं, तर ती म्हणाली, “म्हणजे मी उतरवून काढलं ते याच्यासाठी?” आणि जाऊन बसली.

सुरुवातीला सगळं ठीक चाललं. कवींनी तीन कविता वाचल्या. इंजिनिअरसाहेबांना पाच मिनिटं दिली होती, ते पंधराव्या मिनिटाला आपल्या पहिल्या बंधाऱ्यापर्यंत आले. भालबांनी घड्याळ दाखवलं, तर ते म्हणाले, “हो, वेळेचंच सांगतोय, तेव्हा सिमेंट वेळेवर मिळत नसे.”

वामनराव काठी टेकत आले होते, धोतर, खांद्याला झोळी, हातात पुस्तक. गर्दीतून कुजबुज आली, “हेच माणगावे.” त्यांनी मान इतकी सुंदर लववली की मीही क्षणभर फसले. त्यांच्या शेजारी नेमके गुडघेदुखीचे डॉक्टर बसले होते.

“कुठला गुडघा?” डॉक्टरांनी हळूच विचारलं. मला दारापर्यंत ऐकू आलं.

“डावा.”

“मघाशी तर उजवा पाय ओढत होता.”

“दोन्ही,” वामनराव म्हणाले. “आलटून पालटून.”

डॉक्टर फार गंभीर झाले. त्यांनी व्यासपीठावरच वामनरावांच्या गुडघ्यावर दोन बोटं ठेवून दाबून पाहिलं, आणि कार्यक्रम संपेपर्यंत ते अधूनमधून काळजीनं तिकडे बघत राहिले.

मला वामनरावांची नजर मिळाली तेव्हा मी खुणेनं विचारलं, वाचून झालं का? त्यांनी पुस्तक किंचित उचलून दाखवलं. बसचं तिकीट खूण म्हणून घातलं होतं. ते पुस्तकाच्या साधारण तीन चतुर्थांशावर होतं. नंतर कळलं, शुक्रवारी त्यांच्याकडे सासरची माणसं मुक्कामाला आली होती.

मग घाटगेसाहेब उठले. ते कमी बोलणारे होते. “मी बाकीच्या पुस्तकांवर बोलत नाही,” ते म्हणाले, “कारण मला त्यातलं कळत नाही. लोणचं मला चालत नाही. पण हे पुस्तक मी दोनदा वाचलं. खुनी कोण ते मी सांगणार नाही. तेरदाळकरांनी मला तशी शपथच घातलीय.” भालबांनी मान डोलावली. “मला लेखकांना एकच विचारायचंय. माणगावे, खरा गुन्हेगार कोण, हे तुमच्या मनात कधी पक्कं झालं?”

वामनराव उठले. इथं ‘अहो, ते आपोआप घडत गेलं’ एवढं म्हणून बसता आलं असतं. मी त्यांना तेच शिकवलं होतं. पण समोर दीडशे माणसं आणि हातात माइक. नटाला हे सोसत नाही.

“पहिल्या पानावर!” कपाटं नव्हती म्हणून, नाहीतर काचा गेल्या असत्या. “ती दारातून आत आली, तेव्हाच मी ओळखलं.”

“ती?” घाटगेसाहेबांनी कपाळाला आठी घातली. “ती कोण?”

“कोण म्हणजे? साहेब, तुम्ही पोलिसात तीस वर्षं काढलीत. किल्ली कुणाकडे? एकटी बाई, नवरा नाही, मागे-पुढे कुणी नाही. वरून पांढरी साडी, पांढरी टोपी, आणि आतून?” त्यांनी नाटकात थांबतात तसं थांबून घेतलं. “काळीकुट्ट! असल्या बायका तुम्ही पुष्कळ पाहिल्या असतील. अहो, तिच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं!”

लोक हसले. कुणीतरी टाळी वाजवली, मग बऱ्याच वाजल्या. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी मागं वळून सहज पाहिलं, आणि त्यांची नजर पांढऱ्या साडीतल्या मावशीवर गेली. त्यांच्या मनात काही नव्हतं. ते हसत होते, इतकंच. पण मावशीनं आपली पिशवी मांडीवर घेतली, पदर खांद्यावरून ओढला, आणि उठायच्या बेतानं खुर्चीच्या कडेला सरकली.

तिचं ते सरकणं मी आधी एकदा पाहिलं होतं. मी पाच वर्षांची होते. आमच्या घरात मोठी माणसं बसली होती, मावशीच्या सासरची. तिचा नवरा वारून महिना झाला नव्हता. सासूच्या पाटल्या कपाटातून गेल्या होत्या आणि कपाटाची किल्ली मावशीकडे असायची. कुणी ओरडत नव्हतं. तिचा दीर हसत हसत काहीतरी म्हणाला, बाकीचे हसले, आणि मावशीनं पिशवी मांडीवर घेतली, पदर ओढला, कडेला सरकली. मग ती उठून गेली ती मिरजेला, नर्सिंग शिकायला. तिच्या बाजूनं त्या दिवशी कुणी एक शब्द बोललं नाही. माझे आईवडीलही नाही. घरात तो विषय पुन्हा निघाला नाही.

हस्तलिखित उतरवताना मावशीनं भाषेबद्दल, खुनाबद्दल काहीही विचारलं नव्हतं. दर रविवारी मी नवीन प्रकरण घेऊन गेले की फक्त एवढंच, “कुमे, त्या पोरीचं काय होतं पुढे?” आणि मी म्हणायचे, “थांब ना, कळेल.” शेवटचं प्रकरण उतरवून झालं त्या दिवशी तिनं शाईची बाटली बंद केली आणि माझ्यासाठी शिरा केला. साधा चहा करायचाही तिला कंटाळा असायचा.

“खोटं आहे!”

सगळे दाराकडे बघायला लागले, तेव्हा मला कळलं की ओरडले ती मीच.

“काय खोटं आहे?” घाटगेसाहेबांनी विचारलं.

“नर्सनं खून केलेला नाही.” माझा आवाज वामनरावांच्या वरताण निघत होता. “तिनं काहीही केलेलं नाही. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत नाही. खून कंपाउंडरनं केला. किल्लीचा ठसा त्यानं साबणावर घेतला होता. एकशे चौऱ्याण्णवावं पान बघा!”

“बाई!” भालबा दोन्ही हातांनी डोकं धरून उभे राहिले. “शेवट! शेवट सांगितलात! अहो, ढीग तसाच आहे अजून टेबलावर!”

“कंपाउंडर?” वामनराव मटकन खाली बसले. मग त्यांचा चेहरा हळूहळू खुलला. “आयला! म्हणून तो सारखा हात धूत असतो होय! काय डोकं आहे! मला कसं नाही सुचलं?”

“वामनराव, तोंड मिटा!” भालबा म्हणाले. माइक त्यांच्या तोंडासमोर होता.

घाटगेसाहेब शांतपणे त्यांच्याकडे वळले. तीस वर्षांची सवय ती. “वामनराव कोण?”

गुडघेदुखीचे डॉक्टर मोठ्यानं म्हणाले, “तरी मी म्हणत होतो, दोन्ही गुडघे चांगले आहेत.”

“म्हणजे हे माणगावे नव्हेत,” घाटगेसाहेब म्हणाले. “तेरदाळकर, मग माणगावे कोण?”

“मिरजेला असतात,” भालबा खचलेल्या आवाजात म्हणाले. “सांधे धरलेत त्यांचे.”

“तुम्ही पाहिलंय त्यांना?”

“नाही.”

साहेबांची नजर फिरत माझ्यावर आली. “आणि तुम्ही?”

“मी मुद्रितं तपासते.”

“तरीच. तपासणाऱ्याला शेवट माहीत असणारच.” एवढं म्हणून ते थांबले. त्यांनी मला वाट करून दिली होती, हे मला आज कळतं. मान डोलावून दारातून बाहेर पडता आलं असतं. सोमवारी टेबल होतं, टेबलफॅन होता, माणगाव्यांचे सांधे होते. आणि खरं सांगायचं तर माणगाव्यांच्या मागं मी भालबांच्या भीतीनं लपले नव्हते. पुस्तक टाकाऊ निघालं असतं तर ते माणगाव्यांचं निघालं असतं, हे मला फार सोयीचं होतं.

“साहेब,” तिसऱ्या रांगेतून आवाज आला. मावशी उभी होती, पिशवी काखेत. वॉर्डात नातेवाइकांना बाहेर काढतात त्या आवाजात ती म्हणाली, “माणगावे हजर आहेत. त्या काय दाराशी उभ्या आहेत की. दोनशे पानं मी माझ्या हातानं उतरवलीत, मला विचारा.”

दीडशे माणसं एकदम बोलायला लागली. भालबा व्यासपीठावरून माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य आलं ते असं, “पण तुम्हीच अहवालात लिहिलंत ना, भाषा कच्ची आहे म्हणून?”

“आहेच कच्ची,” मी म्हणाले आणि मला रडू फुटलं.

लोणचीवाल्या बाई पहिल्यांदा टाळ्या वाजवायला लागल्या. मग बेडकांच्या गाण्यांवाले, मग सगळे. वामनरावांनी आपल्या गळ्यातला हार काढला, काठी तिथंच टाकून दोन्ही पायांनी नीट चालत दाराशी आले आणि हार माझ्या हातात दिला. “चाळीस पानं राहिलीत माझी,” ते म्हणाले, “तरी वाचणार. कंपाउंडर कसा सापडतो ते बघायचंय.” आणि झालं असं, की बाकीच्यांनाही तेच बघायचं होतं. खोटा लेखक एक खुनी सांगतो, खरी लेखिका दुसरा सांगते, तेव्हा स्वतः पान उघडून खात्री करून घेतल्याशिवाय सांगलीकराला चैन पडेल कसं? अर्ध्या तासात भज्यांचा ढीग संपला. इंजिनिअरसाहेबांनी तेवढ्यात माइक घेतला होता, पण ते दुसऱ्या बंधाऱ्याला पोचेपर्यंत हॉल रिकामा झाला.

भालबा माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर कागदी पट्ट्यांचा गठ्ठा ठेवला. प्रत्येक पट्टीवर छापलं होतं, ‘कुमुद म्हैसाळकर’. “उरलेल्या प्रतींवर चिकटवायच्यात. माणगाव्यांचं नाव पूर्ण झाकलं पाहिजे,” ते म्हणाले. जाता जाता दारात थबकले. “चार वर्षं समोर बसता. मला सांगावंसं वाटलं नाही तुम्हाला?”

“एकदा दिलं होतं वाचायला.”

ते बराच वेळ आठवत राहिले. त्यांना आठवलं नाही, आणि मीही आठवण करून दिली नाही. मग त्यांनी स्वतः खुर्ची ओढली, खळीची वाटी मध्ये ठेवली आणि पट्ट्या लावायला बसले. वामनरावही यायचे दुपारी, पंपांचं काम नसलं की. ते वाकडी पट्टी लावायचे, आणि मग ती काढताना मुखपृष्ठावरच्या नर्सची टोपी निघायची.

पण हे सगळं पुढचं. त्या शनिवारी सहा वाजता मी मावशीला सोडायला मिरजेच्या बसमध्ये बसले. हार मांडीवर. उन्हं कलली होती. मावशी खिडकीशी बसून बाहेर बघत होती. मला वाटलं, चुकलंच आपलं. तिनं वीस वर्षं झाकून ठेवलेलं आपण दोनशे पानांत मांडलं, वर भर सभेत ओरडलो. तिला न विचारता.

विजयनगर मागं पडल्यावर ती म्हणाली, “कुमे.”

“काय गं?”

“त्या कंपाउंडरला तू टक्कल दाखवलंयस. आणि बोलताना तो दात कोरतो.”

“हो.”

“आणि हसत हसत बोलतो.”

मी मांडीवरचा हार नीट केला.

“आमचे धाकटे भावजी तसेच होते,” मावशी म्हणाली. “तू तर तेव्हा एवढीशी होतीस. तुला कसं लक्षात राहिलं?”

“तो अगदीच तो नाहीये, मावशी. कादंबरीतला आहे. बनवलेला.”

“बनवलेला,” ती म्हणाली. जरा वेळानं तिनं विचारलं, “किती बनवलेला?”

मी विचार केला. “बुटांचा नंबर मला माहीत नव्हता. तो बनवलाय.”

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मग तिच्या खांद्यापासून काहीतरी हलायला लागलं. मला वाटलं रडते आहे. पण ती हसत होती. आधी पदर तोंडाशी धरून, मग पदर सोडून, मोठ्यानं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. कंडक्टर तिकिटं फाडता फाडता थांबला आणि तिच्याकडे बघत राहिला.

“काय झालं, बाई?” त्यानं विचारलं.

“काही नाही हो,” मावशी डोळे पुसत म्हणाली. “आमचे भावजी फाशी गेले. एकशे अठ्ठ्याण्णवाव्या पानावर.”